माशातला पारा मोजून देणारी प्रयोगशाळा: वापरून पाहिल्यावर

मत्स्यशेतीतल्या गोड्या पाण्याच्या माशांत पारा किती आहे, हे मोजून देणाऱ्या एका प्रयोगशाळेची सेवा मी गेल्या हंगामापासून वापरते आहे. मत आधीच सांगून टाकते. काम चोख आहे, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं आणि अहवालातला आकडा प्रत्यक्ष वापरता येतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची, कारण त्याआधी दुसरीकडून घेतलेल्या अहवालावरून मला कुठलाच निर्णय घेता आला नव्हता. दोन्ही ठिकाणांची नावं लिहीत नाही. तुमच्या सोयीची प्रयोगशाळा वेगळीच असणार. तिच्याकडून काय मागून घ्यायचं, एवढं या लेखातून कळलं तरी पुरे.

मी एका निवासी शाळेचं स्वयंपाकघर सांभाळते. मुलं सहा ते सोळा वर्षांची. मासा आठवड्यातून दोनदा असतो आणि तो सगळा तळ्यांत वाढवलेला: तिलापिया, कॅटफिश, गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. प्रश्न काढला तो आमच्या एका शिक्षिकेनं. त्या गरोदर होत्या आणि पारा असलेले मासे टाळा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. त्यांनी मला विचारलं, "ताई, तळ्यातल्या माशात पण असतो का हो पारा?" असतो, थोडा तरी असतोच, एवढं मला ठाऊक होतं. किती असतो, ते माहीत नव्हतं. गरोदर बाईला "कमीच असेल बहुतेक" असं सांगून मोकळं व्हायला माझं मन तयार होईना. शिवाय तोच मासा शाळेतली सगळी मुलं खात होती.

पाऱ्याच्या बाबतीत एवढी काळजी का, त्याला कारण आहे. जपानमधल्या मिनामाता इथल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. एका कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं एक सेंद्रिय रूप, समुद्रात जात होतं. तिथून ते माशांत आणि शिंपल्यांत गेलं आणि मग माणसांत. त्या प्रकरणातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काही आयांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता, पण त्यांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली बाळं जन्मली. मिथिल मर्क्युरी वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोचतं. तळ्यातल्या माशाची मिनामाताशी बरोबरी करायची नाही, प्रमाणात जमीनअस्मानाचं अंतर आहे. पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी मर्यादा इतक्या कडक का असतात, ते तिथे समजतं.

आधी मी घरी वापरायच्या चाचणीपट्ट्या पाहिल्या. त्यांच्यात वेळ घालवू नका. त्या पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याच्या क्षारांसाठी बनवलेल्या असतात. माशाच्या मांसातला पारा प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट बांधलेला असतो. मांस वाटून पाण्यात कालवलं आणि त्यात पट्टी बुडवली, तरी हा बांधलेला पारा पट्टीच्या हाती लागत नाही. पट्टीचा रंग बदलला नाही, यावरून माशाबद्दल काहीच कळत नाही.

मग एका प्रयोगशाळेत नमुने दिले. अहवाल एका पानाचा आला. त्यात चारही माशांपुढे एकच शेरा होता: "आढळला नाही". वाचून क्षणभर बरं वाटलं. पण अहवालावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की त्यांच्या यंत्राला कमीत कमी किती पारा मोजता येतो. फोन करून विचारलं, तेव्हा बऱ्याच टोलवाटोलवीनंतर उत्तर मिळालं: किलोला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे त्याखाली जे काही असेल ते सगळं "आढळला नाही" या एका शेऱ्यात जमा.

हे का चालत नाही, ते हिशेब मांडला की दिसतं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २००३ साली मिथिल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. त्याआधी ती ३.३ होती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१२ साली ती १.३ वर आणली. मी कडक मर्यादाच धरते. वीस किलो वजनाच्या मुलाला आठवड्याला २६ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. किलोला ०.१ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला ०.१ मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅमचा तुकडा आठवड्यातून दोनदा खाल्ला तर २० मायक्रोग्रॅम झाले. मर्यादेचा तीन चतुर्थांश भाग तिथेच संपला आणि अहवाल म्हणतो "आढळला नाही". हा अहवाल खोटा नव्हता. बाजारातला मासा कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही, एवढंच पाहायचं असेल तर तो पुरेल, कारण कायद्याच्या मर्यादा बऱ्याच वर असतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, कारवाईसाठी ठरवलेली पातळी किलोला १ मिलिग्रॅम आहे. युरोपात बऱ्याच माशांसाठी पूर्वीपासून ०.५ ची मर्यादा होती, २०२२ साली काही जातींसाठी ती ०.३ केली. पण माझा प्रश्न कायद्याचा नव्हता. रोज समोर बसून जेवणाऱ्या मुलांचा होता.

आता ज्या प्रयोगशाळेबद्दल लिहायला बसले तिच्याकडे वळते. नमुने घेण्याआधी तिथल्या विश्लेषक बाईंनी फोनवर मलाच प्रश्न विचारले. मासा कुठल्या जातीचा, वजन किती, तळ्यात किती महिने होता, खाद्य कुठलं, आकडा कशासाठी हवा आहे. पाचवा प्रश्न ऐकून मी निश्चिंत झाले. मुलांसाठी आणि एका गरोदर बाईसाठी, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आपण खालच्या पातळीवर मोजू. आमची मोजणीची किमान मर्यादा किलोला ०.००५ मिलिग्रॅम आहे." न विचारता सांगितलं. चांगली प्रयोगशाळा मला इथेच ओळखू आली.

नमुना कसा पाठवायचा, याच्या सूचना लेखी मिळाल्या. पाठीवरच्या पराच्या मागचं, मणक्याच्या बाजूचं मांस घ्यायचं. कातडी आणि काटे काढायचे. प्रत्येक मासा वेगळ्या स्वच्छ प्लास्टिक पिशवीत, गोठवून ठेवायचा, आणि पिशवीवर जात, अख्ख्या माशाचं वजन आणि लांबी लिहायची. वजनावर त्यांचा फार भर होता. पारा शरीरात यायला वेळ लागत नाही, जायला मात्र फार लागतो. माणसाच्या शरीरातलं मिथिल मर्क्युरी निम्म्यावर यायला साधारण ५० दिवस लागतात, माशाच्या शरीरात त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एकाच तळ्यातला मोठा, म्हातारा मासा आणि लहान मासा यांचे आकडे सारखे येत नाहीत. खर्च वाचवायला सारख्या आकाराच्या माशांचं मांस एकत्र वाटून एक नमुना केला तरी चालतो, पण वजनात फरक असेल तर एकत्र करू नका, असं त्यांनी बजावलं. या एका सूचनेचा पुढे मोठा उपयोग झाला.

मी प्रत्यक्ष नमुने नेऊन दिले, तेव्हा मोजणी कशी होते तेही पाहायला मिळालं. अशी परवानगी सगळीकडे मिळत नाही, इथे मी विचारलं आणि त्यांनी दाखवलं. आधी मांस अगदी बारीक वाटून एकजीव करतात. यात हयगय चालत नाही, कारण यंत्रात जाणारा भाग ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. चिमूटभर मांसानं अख्ख्या माशाची साक्ष द्यायची, तर ते नीट मिसळलेलं हवं. छोट्या नावेच्या आकाराच्या भांड्यात ते तोलून यंत्रात सरकवतात. आत ऑक्सिजनच्या प्रवाहात मांस सुकतं, जळतं, आणि पाऱ्याची वाफ सोन्याच्या थरावर अडकते. सोनं पाऱ्याला धरून ठेवतं, बाकीचा धूर निघून जातो. मग सोनं तापवून पारा एकदम सोडतात आणि २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्या वाफेतून पाठवतात. पाऱ्याचे अणू नेमका हाच प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला त्यावरून पारा किती ते कळतं. ॲसिडमध्ये मांस विरघळवण्याची गरज नाही आणि एका नमुन्याला काही मिनिटंच लागतात.

यंत्र चांगलं आहेच, पण माझा विश्वास बसला तो त्यांच्या शिस्तीवर. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामं भांडं मोजतात, म्हणजे यंत्रात आधीचा पारा उरलेला नाही याची खात्री होते. जास्त पारा असलेल्या नमुन्यानंतर लगेच कमी पाऱ्याचा नमुना लावला तर मागचा अंश पुढच्यात मिसळू शकतो, म्हणून मध्ये पुन्हा रिकामं भांडं. प्रत्येक नमुना दोनदा. आणि प्रत्येक वेळी प्रमाणित संदर्भ नमुना. ही माशांच्या प्रथिनांची पूड असते, तिच्यात पारा किती आहे हे आधीच पक्कं ठरलेलं असतं. त्यांच्याकडची कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची डॉर्म-४ नावाची होती, तिच्यात किलोला ०.४१ मिलिग्रॅमच्या आसपास पारा असतो. ती मोजल्यावर यंत्रानं ०.४० दाखवलं. मी विचारलं की आमच्या माशांत याच्या कितीतरी कमी असणार, मग वरच्या आकड्यावर यंत्र बरोबर आहे म्हणून खालच्यावरही बरोबर असेल कशावरून? त्यांनी लगेच दुसरा कागद दाखवला. कमी पाऱ्याच्या मांसात ठरावीक थोडासा पारा मुद्दाम घालून तो पुन्हा पूर्ण सापडतो का, तेही त्या पाहत होत्या. प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना राग आला नाही, उलट आनंदच झाला.

आकडे असे आले. तिलापियात ०.०११. गवत्यात ०.०१६. कॅटफिशमध्ये ०.०२८. लहान सायप्रिनसमध्ये ०.०२२ आणि मोठ्यामध्ये ०.०७४. सगळे किलोला मिलिग्रॅममध्ये, ओल्या वजनावर, म्हणजे मांसातलं पाणी धरून. एफडीएनं जाहीर केलेल्या सरासरींशी मी ते पडताळून पाहिले: तिलापिया ०.०१३, कॅटफिश ०.०२४, गोड्या पाण्यातला ट्राउट ०.०७१, कार्प ०.११०. त्या सरासरींत पाळलेले आणि मोकळ्या पाण्यातले मासे वेगवेगळे दाखवलेले नाहीत, तेव्हा कार्पचा आकडा तळ्यातल्या कार्पला जसाच्या तसा लावू नये. त्याच यादीत स्वोर्डफिश ०.९९५ वर आहे आणि शार्क ०.९७९ वर. तिलापिया आणि स्वोर्डफिश यांच्यात पंचाहत्तर पटींचं अंतर. "मासा खाल्ला की पारा पोटात जातो" असं सरसकट बोलणाऱ्यांनी हे अंतर एकदा नीट पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या एका वाक्यामुळे किती गरोदर बायका मासा पूर्ण सोडतात आणि बाळाच्या मेंदूसाठी चांगली असलेली चरबी, प्रथिनं, आयोडीन हे सगळं गमावून बसतात.

मोठ्या सायप्रिनसचा आकडा आल्यावर विश्लेषक बाईंनी अहवाल पाठवण्याआधी फोन केला. "हे मासे इतरांबरोबरचेच आहेत का? वजन बरंच जास्त लिहिलंय." मी तळ्यांच्या मालकांना विचारलं. ते मासे अंडी देण्यासाठी कित्येक वर्षं राखलेले प्रजनक होते. त्यांचं काम संपलं, म्हणून त्या फेरीत विक्रीच्या मालात आले होते. सगळ्या सायप्रिनसचं मांस एकत्र वाटून एकच आकडा काढला असता, तर तो ०.०४ ते ०.०५ च्या मध्ये कुठेतरी आला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. आता मालक प्रजनक मासे आमच्याकडे पाठवत नाहीत. त्यांनाही हे नवीन होतं. नाराज न होता त्यांनी अहवालाची प्रत मागून घेतली.

आता हिशेब. वीस किलोचं मूल आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम कॅटफिश खातं, म्हणजे ५.६ मायक्रोग्रॅम. मर्यादा २६. तिलापिया असेल तर २.२. म्हाताऱ्या सायप्रिनसचं मात्र १४.८ झालं असतं, मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. साठ किलो वजनाच्या शिक्षिकेची आठवड्याची मर्यादा ७८ मायक्रोग्रॅम. त्यांनी आठवड्याला ३०० ग्रॅम कॅटफिश खाल्ला तरी ८.४. हेच स्वोर्डफिशचं केलं तर शंभर ग्रॅमच्या एकाच तुकड्यात ९९.५, आठवड्याची मर्यादा एका जेवणात पार. अमेरिकेतला अधिकृत सल्ला गरोदर स्त्रियांना कमी पाऱ्याचा मासा आठवड्याला ८ ते १२ औंस, म्हणजे साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतो, आणि तिलापिया, कॅटफिश, गोड्या पाण्यातला ट्राउट हे तिथे सगळ्यांत वरच्या गटात आहेत. हा सगळा कागद मी शिक्षिकेला दिला, त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला, आणि त्यांचं मासा खाणं पुन्हा सुरू झालं. प्रयोगशाळेचे पैसे माझ्या दृष्टीनं तिथेच वसूल झाले.

वर केलेल्या हिशेबात मी सगळा पारा मिथिल मर्क्युरीच आहे असं धरलं आहे. प्रत्यक्षात यंत्रानं मोजला तो एकूण पारा. माशाच्या मांसात त्यातला बहुतेक भाग मिथिल मर्क्युरीचा असतो, पण सगळा नाही. वेगळी मिथिल मर्क्युरीची चाचणीही ही प्रयोगशाळा करते, तिला आधी पाऱ्याची रूपं वेगळी करावी लागतात, म्हणून ती कितीतरी पट महाग आहे. ती पण करून घ्यावी का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "एकूण पारा सगळा मिथिल धरूनही तुम्ही मर्यादेच्या खूप खाली आहात. कशाला पैसे घालता?" स्वतःची महाग सेवा नको म्हणून सांगणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

पाळलेल्या माशात पारा कमी का निघतो, हे त्यांच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून मला समजलं, आणि ते समजलं तरच आकड्याचा अर्थ लागतो. पारा वातावरणात येतो तो लहान प्रमाणावरच्या सोन्याच्या खाणींतून, कोळशाच्या ज्वलनातून, इतर उद्योगांतून. तो पाण्यात उतरतो आणि तळाच्या ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी करतात. शेवाळ, मग सूक्ष्म प्राणी, मग लहान मासा, मग त्याला खाणारा मोठा मासा, अशी पायरी चढताना ते साठत जातं. तळ्यातला तिलापिया किंवा गवत्या या जिन्याच्या खालच्या पायरीवर असतो. वाढतो भराभर, त्यामुळे आलेला पारा जास्त मांसात विभागला जातो, आणि काढणीही लवकर होते. साठायला वर्षंच मिळत नाहीत. मांसाहारी मासा पाळला असेल तर मात्र खाद्याकडे पाहावं लागतं. खाद्यातलं फिशमील, म्हणजे सुक्या मासळीची भुकटी, हा पाळलेल्या माशात पारा येण्याचा मुख्य रस्ता आहे. सोयाबीनसारख्या वनस्पतिजन्य प्रथिनांवर बनवलेल्या खाद्यात तो कमी असतो. हीच प्रयोगशाळा त्याच यंत्रावर खाद्यही तपासून देते. आमच्या कॅटफिशचा आकडा तिलापियाच्या अडीच पट का, याचं उत्तर बहुधा त्या गोणीत आहे, म्हणून पुढच्या वेळी खाद्यही पाठवणार आहे.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. नवं धरण किंवा तलाव भरला आणि झाडझाडोरा, माती पाण्याखाली गेली, की ती कुजताना गाळातल्या जिवाणूंना भरपूर खाद्य मिळतं आणि पुढची काही वर्षं त्या पाण्यातल्या माशांत मिथिल मर्क्युरी वाढतं. अनेक देशांतल्या जलाशयांत हे दिसून आलेलं आहे. अशा नव्या जलाशयात पिंजरे टाकून मासे वाढवले असतील तर "पाळलेला आहे, म्हणजे कमीच" असं गृहीत धरू नका. मासा गोळीखाद्यावर असला तरी आजूबाजूचं काही ना काही खातोच.

आता उणिवा. अहवाल ठरलेल्या वेळेत आला नाही. कारण नंतर कळलं: एका नमुन्याच्या दोन मोजण्यांत त्यांना चालतो त्यापेक्षा जास्त फरक आला, म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. कारण योग्य आहे, पण ते कळवायला हवं होतं, फोन मला करावा लागला. दुसरं, आकडा ओल्या वजनावर आहे ही सगळ्यांत महत्त्वाची नोंद तळाशी बारीक अक्षरांत आहे. माशाच्या मांसात तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्तच पाणी असतं. तोच ०.०२८ कोरड्या वजनावर लिहिला तर ०.११ च्या पुढे जातो. दोन अहवाल शेजारी ठेवून कुणी घाबरून जाईल किंवा उगाच निर्धास्त होईल. ही नोंद आकड्याला लागूनच हवी. तिसरं, मोजणीतली अनिश्चितता विचारल्यावर मिळाली: ०.०२८ ला अधिक-उणे ०.००४. ती प्रत्येक अहवालावर आपणहून छापली पाहिजे.

माझी सगळ्यांत मोठी तक्रार मात्र त्यांच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. अहवालासोबत येणाऱ्या त्या पत्रकात लिहिलं आहे की कातडी आणि चरबी काढून टाकली, तर माशातले दूषित घटक कमी होतात. चरबीत साठणाऱ्या पीसीबीसारख्या रसायनांच्या बाबतीत ते खरं आहे. पाऱ्याच्या बाबतीत अजिबात नाही. तो मांसातच, प्रथिनांत असतो. धुऊन, लिंबू लावून, तळून, उकडून तो जात नाही. शिजवताना पाणी उडतं, त्यामुळे शिजलेल्या माशात ग्रॅममागे आकडा थोडा वाढलेलाच दिसतो, तुकड्यातला एकूण पारा तेवढाच राहतो. पाऱ्याच्या अहवालासोबत असं पत्रक देणं धोक्याचं आहे, कारण आईवडील अहवाल वाचत नाहीत, पत्रक वाचतात. मी हे लेखी कळवलं. सुधारतो, असं उत्तर आलं. शेवटच्या अहवालासोबत मात्र जुनंच पत्रक होतं.

तरीही मी हीच सेवा वापरत राहणार, कारण या उणिवा कागदाच्या आहेत, मोजणीच्या नाहीत. घरी अधूनमधून तिलापिया किंवा कॅटफिश आणणाऱ्यांना चाचणीची गरज मला वाटत नाही, जाहीर सरासरी त्यांना पुरेशा आहेत. पण ज्यांची स्वतःची तळी आहेत, जे शाळेत किंवा रुग्णालयात रोज शेकडो ताटं वाढतात, ज्यांच्या पाणलोटात सोन्याची खाण, कोळशावरचं वीजकेंद्र किंवा पाऱ्यावर चालणारा जुना क्लोरीन-कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे, किंवा जे मांसाहारी आणि वर्षानुवर्षं वाढवलेला मासा घेतात, त्यांनी एकदा तरी मोजून घ्यावं. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ ची, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, मान्यता आहे का ते विचारा, आणि ती मान्यता माशातल्या पाऱ्याच्या चाचणीसाठीच आहे ना, हेही विचारा, कारण प्रमाणपत्र एका चाचणीचं असतं आणि भिंतीवर सगळ्यांसाठी टांगलेलं असतं. किमान मर्यादा आकड्यात मागा. ती ०.०१ च्या वर असेल तर तिलापियासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. आणि खाद्य तपासायला पाठवणार असाल तर गोणीवरचा बॅच क्रमांक लिहून पाठवा, मी वापरते ती प्रयोगशाळा त्याशिवाय खाद्याचा नमुना घेत नाही.